पोलीस नावाचं फोल्डर

कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारी माणसं एक काम चोख करतात आणि दुसरं हमखास अर्धवट टाकून जातात. गोंदियाचा इंद्रकुमार त्यातलाच. काल आला, नवेगाव बांधच्या बाजाररस्त्यावर भैय्यालाल कटरेंच्या फोटो स्टुडिओत दिवसभर बसला, तिथं कामाला असलेल्या योगेश्वरीच्या कॉम्प्युटरातला व्हायरस झाडूनपुसून काढला, सगळं नव्यानं भरलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून पळाला. जाताना निरोप ठेवला, ‘डब्बा जोडायचा राहिला, उद्या फोनवर सांगतो.’ आता डब्ब्याशिवाय त्या कॉम्प्युटराचा उपयोग काय, दारात अडकवायला?

डब्बा म्हणजे भैय्यालालच्या केबिनमध्ये, कुलपाआड ठेवलेलं नेटवर्कचं स्टोरेज. स्टुडिओतला एकूण एक फोटो त्यात. योगेश्वरीच्या कॉम्प्युटरात स्वतःचं असं काहीच नसायचं. भिंतीतून आलेल्या वायरीनं डब्ब्याशी जोडलं की त्यातली फोल्डरं तिच्या पडद्यावर उघडायची आणि ती लग्नाचे अल्बम बनवत बसायची.

फोल्डरं चार होती. ‘लग्न’ आणि ‘पासपोर्ट’ कुठल्याही स्टुडिओत असतात. तिसरं ‘डोळे’. त्याचं असं आहे, आपल्याकडं माणूस गेल्यावर घरच्यांना फोटोची आठवण येते. मग तिरडीवर मोबाइलनं काढलेला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, तेरवीला फ्रेम पाहिजे, तेवढे डोळे उघडून द्या. योगेश्वरी उघडून द्यायची. दुसऱ्या कुणाचे तरी वयाला शोभणारे डोळे कापून बसवायचे, खाली कोट-टाय घालायचा, मागं निळा पडदा लावायचा. लोक फ्रेम पाहून रडायचे, तिला हात जोडायचे. असे कापायला बरे डोळे दिसले की ती त्या फोल्डरात टाकून ठेवायची.

चौथं ‘पोलीस’. कुठं बेवारस प्रेत सापडलं की ठाण्यातून भैय्यालालला बोलावणं यायचं. ते फोटो तो स्वतः काढायचा, स्वतः डब्ब्यात टाकायचा, आणि त्या फोल्डराला त्यानं वेगळा पासवर्ड घातला होता. ‘बाया-पोरीईनं हे पाहू नये,’ म्हणायचा. योगेश्वरीला तरी कुठं हौस होती!

सकाळी तिनं शटर उचललं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला. शेजारचा सुकराम चहा घेऊन आला. काल मशीन बंद असल्यामुळं तिला सुट्टी होती, म्हणून गावातली बातमी तिच्यापर्यंत आली नव्हती. सुकरामनं ती चहासोबत आणली.

“बांधाच्या तलावात पोट्टा सापडला ना व बाई. काल दुपारी. पानी पिऊन फुगला होता म्हन्तेत.”

“कोनाचा?”

“कोनाले ठाऊक! बाविस-तेविसचा असन. आंघोळीले उतरला असन, अंगावर चड्डी फक्त. गाडीत टाकून गोंदियाले नेला, इथं बरफ कुठं हाये?” सुकराम रिकामा ग्लास घ्यायला थांबला होता, पण योगेश्वरीनं चहाला हातच लावला नव्हता. “काऊन, काय झालं?”

“काही नाई काका. कसा दिसे तो?”

“मी कायले पाहाले जातो माय! भैय्याभाऊनं काढले ना फोटू. तुमच्याच दुकानात असतीन.”

सुकराम गेला. योगेश्वरी खुर्चीत बसली ती बसलीच.

तिचा धाकटा भाऊ लोकेंद्र बाविशीतला. त्याला ट्रकवर जायचं होतं, बापाला तो धानाच्या बांधीत हवा होता. एक दिवस शब्दाला शब्द लागला, बाप म्हणाला, ‘तू मले मेला,’ आणि हा पिशवी घेऊन बहिणीकडं नवेगावला आला. रोज सकाळी बांधावर पोहायला जायचा. योगेश्वरीनं त्याला जेवू घातलं, समजावलं, शेवटी वैतागून म्हणाली, ‘असा किती दिवस राहशीन गा, जा ना घरी.’ दुसऱ्या दिवशी तो टॉवेल घेऊन निघाला आणि परत आला नाही. पिशवी न्यायला मागाहून आला असेल, कारण पिशवी घरात नव्हती. किंवा तिनंच ती कुठं उचलून ठेवली असेल. आता तिला काही केल्या आठवेना.

त्याला चार दिवस झाले, फोन तेव्हापासून बंद. आणि आई गावाहून रोज फोनवर विचारायची, लोकू बरा आहे ना? योगेश्वरी रोज सांगायची, बरा आहे, बाहेर गेला आहे, तुझ्याशी बोलायला लाजतो. आई त्यावर पोटभर जेवायची.

म्हणजे आता ठाण्यात जाऊन विचारायचं, तर पहिला प्रश्न येणार, तुमचा भाऊ हरवला कधी? मग कागदावर नाव, घरी निरोप, आणि आईला कळणार की पोरगी इतके दिवस खोटं बोलत होती. नसेल तो लोकेंद्र, तरीही आईचा जीव जायचा. नाही, आधी आपण एकटीनं पाहायचं. फोटो इथंच आहेत, या भिंतीपलीकडं. नसेल तो, तर कुणाला काही सांगायची गरज नाही. असेल तर... तिनं तो विचार तिथंच दाबला.

लोकेंद्रचा नंबर लावला, बंद. भैय्यालालचा लावला, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. तो देवरीच्या पलीकडं जंगलातल्या एका गावी लग्नाच्या शूटिंगला गेला होता, केबिनची किल्ली कमरेला लावून. मग तिनं इंद्रकुमारला फोन केला.

“हां दीदी, तुमच्याच फोनची वाट पाहत होतो. डब्बा जोडायचा ना? दो मिनट का काम हाये.”

दोन मिनिटं! देव अशा लोकांचं भलं करो. योगेश्वरीनं तो सांगेल तसं केलं. माय कॉम्प्युटर उघडला, ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ दाबलं, झेड अक्षर निवडलं, दोन तिरप्या रेघा मारून डब्ब्याचं नाव लिहिलं. कॉम्प्युटरनं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं की असा रस्ताच सापडत नाही.

“फिरसे टाका.”

तिनं पुन्हा लिहिलं. घाईत रेघ एकच पडली. पुन्हा लिहिलं. रस्ता सापडत नाही.

“दीदी, पीछे जरा पाहता का, नेटवर्कची वायर लागली हाये?”

ती टेबलाखाली शिरली. वायर लोंबकळत होती. काल मशीन सरकवताना त्यानंच काढली असणार आणि तशीच ठेवली असणार. दुसरी वेळ असती तर योगेश्वरीनं त्याला गोंदियापर्यंत ऐकू जाईल अशी शिवी हासडली असती. तिनं वायर खोचली, हिरवा दिवा लुकलुकला, पण ती लगेच बाहेर निघाली नाही. इतका वेळ फोटो दिसत नव्हते याचं तिला आतून बरंच वाटत होतं, हे तिला तिथं टेबलाखाली कळलं.

डब्ब्यानं नाव आणि पासवर्ड विचारला. अल्बमवाला पासवर्ड तिला पाठ होता. टाकला. झेड ड्राइव्ह उघडला, आणि चारही फोल्डरं जागच्या जागी दिसली. तिनं ‘पोलीस’वर बाण नेला, डोळे मिटून दाबलं.

परवानगी नाही, असं आलं.

“झालं ना दीदी? खुला? चला, मैं रखता हूं.”

“इंद्रकुमारभाऊ, थांबा. पोलीसवालं खोलायचं हाये.”

“वो नको. भैय्याजीने मना करून ठेवलं हाये. मेरे पास है पासवर्ड, मीच बसवला, पर मैं नहीं दे सकता.”

“द्या ना भाऊ.”

“दीदी, कसम से, नाही. उसमें अच्छी चीज नहीं है. तुम्हाला कायले पाहिजे?”

आतापर्यंत तिनं हे स्वतःच्या तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. “काल बांधात एक पोट्टा सापडला. तो माहा भाऊ असू शकते.”

फोनमधून गोंदियाच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. मग इंद्रकुमार हळू आवाजात म्हणाला, “लिखो,” आणि एकेक अक्षर सांगितलं. घाई केली नाही, चुकलं तर पुन्हा सांगितलं.

पण कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर. नवीन नाव टाकल्यावर त्यानं आणखी एक फाटा फोडला. एकाच मशीनवरून एकाच डब्ब्यात दोन नावांनी जाता येत नाही म्हणे. आधी पहिलं नाव सोडा.

“हां, वो तो होगा,” इंद्रकुमार म्हणाला. “लग्नवाला जोड तोडा पहिले. डिस्कनेक्ट करा. मशीन बंद करून चालू करा, फिर ये नाम डालो. दीदी, कोणाले बोलवा ना सोबतीले.”

“नाई. ठेवते.”

योगेश्वरीनं जोड तोडला. सगळे नवरा-नवरी पडद्यावरून गेले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो सुरू होईपर्यंत ती उठून बाहेर गेली, रस्त्यावर आली, पुन्हा आत आली. पासपोर्ट फोटोसाठी एक बाई आली, तिला लाइट नाही म्हणून परत पाठवलं, आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. ती बाई वर पाहत पाहत गेली.

नाव टाकलं. पासवर्ड टाकला. ‘पोलीस’ उघडलं.

आत तारखांची फोल्डरं होती, शेवटचं कालचं. तिनं एक शहाणपणा केला, चित्रं लहान-लहान दिसतात तो प्रकार बदलून नुसती नावं दिसतील असं केलं. म्हणजे एकदम अंगावर यायला नको. नावांची रांग लागली. सगळ्यात वर एक फाईल होती, ‘नोटीस फायनल’. बाकी कॅमेऱ्यातले नंबर.

हे देवा, नसू दे. कोणाचाही असू दे, आमचा नसू दे. तिनं असं मनात म्हटलं, मग मोठ्यानं म्हटलं, आणि वरची फाईल उघडली.

वर ठळक अक्षरात ‘ओळख पटविण्याबाबत’. खाली निळा पडदा, कोट, टाय. आणि लोकेंद्र तिच्याकडं पाहत होता.

चेहरा सुजलेला, गाल गुळगुळीत केलेले, हनुवटी कुठल्या कुठं. पण डोळे त्याचेच. डाव्या पापणीच्या कोपऱ्यात लहानपणी विटी लागून पडलेली खाच, तिथं पापणी किंचित खाली आलेली. ती विटी योगेश्वरीनंच मारली होती. जगात दुसऱ्या कुणाची तशी पापणी नव्हती. ती ओरडली नाही. तोंडावर हात दाबून ती खुर्चीतून खाली सरकली आणि काउंटरच्या मागं फरशीवर बसली. आईला काय सांगू? बापाला काय सांगू? तूच म्हणालास ना, मेला म्हणून! आणि मी काय म्हणाले, जा ना घरी. तिच्या दातांचा आवाज तिला ऐकू येत होता. भर उन्हाळ्याचे दिवस, आणि तिला हुडहुडी भरली होती.

किती वेळ बसली कुणास ठाऊक. एकदा आणखी पाहावं, नीट पाहावं, म्हणून ती टेबलाचा आधार घेऊन उठली. फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. सगळा पडदा एकाच डोळ्यानं भरला.

बुबुळात काड्यांच्या रेघांचा पांढरा गोल होता.

तो गोल तिच्या रोजच्या ओळखीचा होता. स्टुडिओत खुर्चीवर बसवून छत्रीचा लाइट मारला की तो बुबुळात असा उमटतो. बांधाच्या काठावर, चिखलात, दिवसाउजेडी पडलेल्या माणसाच्या डोळ्यात छत्रीचा लाइट कुठून येणार?

मग तिला एकेक आठवत गेलं. दिवाळीत लोकेंद्रचा पासपोर्ट फोटो तिनंच काढला होता. डोळे काय झकास आले आहेत म्हणून तिनंच ते कापले होते, आणि ‘डोळे’ फोल्डरात टाकले होते. आणि भैय्यालालनं काल संध्याकाळी केबिनमधल्या आपल्या कॉम्प्युटरवर, नोटीस बरी दिसावी म्हणून, वयाला शोभणारे डोळे शोधले होते. अरे भल्या माणसा! तेरवीची फ्रेम आणि पोलिसांची नोटीस यांत काही फरक आहे की नाही?

पण डोळे उसने म्हणून चेहरा दुसऱ्याचा, असं थोडंच? असंही होऊ शकतं की चेहराही... तिनं तोंडातल्या तोंडात मारुतीचं नाव घेतलं आणि नंबरवाली पहिली फाईल उघडली. पाय. मग हात. मग छाती. मग चेहरा.

डोळे मिटलेले. ओठ काळे. कपाळाला शेवाळ चिकटलेलं. दोन्ही भुवया जाड, दाट, आणि नाकावर एकमेकींना जुळलेल्या.

लोकेंद्रच्या भुवया विरळ. लहानपणी आई काजळाच्या काडीनं त्या रंगवायची.

“नोहे,” योगेश्वरी म्हणाली. “नोहे, नोहे, आमचा नोहे!” ती हसायला लागली आणि रडायलाही लागली. थंड झालेला चहा तिनं एका घोटात पिऊन टाकला. इतका आनंद तिला आपल्या लग्नातही झाला नव्हता. समोर कुणाचं तरी मेलेलं पोरगं पडलं होतं आणि तिला नुसता आनंद होत होता. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

तेवढ्यात ठाण्यातला शिपाई केवलराम आला. योगेश्वरीनं झटकन पडदा बंद केला.

“भैय्यालाल नाई काय? नोटिशीच्या आनखी कापी पाह्यजे होत्या. एकच देऊन गेला सकायी. बसस्टॉपवर, बाजारात लावा लागन.” तो स्टुलावर बसला, टोपी काढून वारा घेऊ लागला. “आज जरा पुण्याचं काम झालं पाहा. देवरीकडून एक बाई आली होती, दिराले घेऊन. पोरगा हरवला तिचा. थरथर कापत होती बिचारी. मी नोटीस दाखवली. पाहिली, पाहिली, आन् म्हने, हा माहा नोहे. डोळे पाहा ना याचे, माह्या पोराचे असे नाईत. लेकरासारखी रडली. मंग हसली. माह्या हातावर खडीसाखर ठेवून गेली. आता बसली असन स्टॉपवर.”

योगेश्वरीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून ते निघून गेलं होतं.

डोळे कापताना नुसते डोळे कापता येत नाहीत. कड दिसते. म्हणून भुवईसकट कापतात. हे तिनंच भैय्यालालला शिकवलं होतं. नोटिशीतल्या पोराच्या कपाळावर लोकेंद्रच्या विरळ भुवया होत्या.

“केवलरामभाऊ, त्या बाईनं फक्त नोटीसच पाहिली? दुसरं काही नाई दाखवलं?”

“दुसरं काय हाये? कपडे तं नवतेच अंगावर. मढं गोंदियाले. काऊन व, काय झालं?”

तिनं सांगितलं नाही. सांगत बसली असती तर त्या बाईची गाडी निघून गेली असती. तिनं तो मिटल्या डोळ्यांचा फोटो छापायला टाकला. प्रिंटरमधून कागद खालून वर, हळूहळू बाहेर आला. आधी हनुवटी, मग ओठ, मग भुवया. तिनं तो ओल्या शाईसकट घेतला, केवलरामला म्हणाली, “दुकान पाहा जरा,” आणि निघाली. तो मागून काहीतरी विचारत होता.

वाटेत तिला वाटलं, नसेलही तिचा. जगात हरवलेली पोरं काय थोडी आहेत? ती बाई खरंच नाही म्हणाली असेल. आपण कशाला कुणाच्या जीवाला घोर लावावा? तिची गाडी गेलेली असली तर किती बरं होईल. एवढ्या भीतीतून आत्ताच सुटलेली योगेश्वरी पुन्हा तितकीच घाबरली होती, आणि या वेळी फोटो तिच्याच हातात होता.

गाडी आली नव्हती. बसस्टॉपच्या सावलीत एक बाई पदरात मुरमुरे घेऊन खात बसली होती. खूप दिवसांनी जेवणारं माणूस खातं तशी, मुठीनं. दीर पाण्याची बाटली भरायला हातपंपावर गेला होता. योगेश्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली तशी बाईनं मान वर केली.

जाड, दाट भुवया. नाकावर जुळलेल्या.

योगेश्वरीनं कागद उलटा करून छातीशी धरला.

“बस ना व बाई, सावली हाये,” ती बाई म्हणाली. कुणाला तरी सांगायचंच होतं तिला, थांबवत नव्हतं. “ठान्यात गेली होती मी. पोरगा रुसून गेला ना माहा. कोनी म्हने बांधात एक सापडला, तं माहा जीवच गेला. पन नोहे तो. दुसऱ्याचा होता! घे ना, मुरमुरे घे. आता घरी जातो आन् भात टाकतो, आज येनच पाहा तो.”

योगेश्वरी तिच्या शेजारी बसली. मुरमुरे घेतले. ते तिच्या तळहातावर तसेच राहिले. चढावरून देवरीची गाडी येताना दिसली, बाईनं पदर झटकला, पिशवी उचलली आणि उठू लागली. योगेश्वरीनं तिचा हात धरला.

“मावशी,” ती म्हणाली, “ही गाडी जाऊ द्या.”